सदतीस घड्याळं आणि एक मायक्रोवेव्ह

...आणि वर मलाच विचारतात, "यिंग, तुला सदा घाई कसली असते गं?" घाई कसली? अहो बाबा, मला नऊला ऑफिसात पोचायचंय आणि आत्ता आठ वाजलेत की पावणेनऊ हे या घरात एकाही माणसाला सांगता येत नाही, ही माझी घाई! तुम्हाला सांगते, खोटं वाटेल... आमच्या घरात घड्याळं आहेत सदतीस. साधीसुधी नाहीत हं! स्विस, जुनी, नामांकित, सगळी माझ्याहून वयानं मोठी, काही तर बाबांहूनही मोठी. आणि सदतीस घड्याळांत सदतीस वेगवेगळ्या वेळा! का? तर चावीचं बटण ओढून काटे फिरवले की आतले दाते झिजतात म्हणे. म्हणून बाबा रोज सकाळी पाच-सहा घड्याळं पाळीपाळीनं बाहेर काढतात, चावी देतात, कानाला लावतात, समाधानानं मान डोलावतात... आणि काटे जिथं असतील तिथंच राहू देतात. म्हणजे घड्याळ चालतं, फक्त वेळ सांगत नाही. मी म्हटलं, "बाबा, मग त्याचा उपयोग काय?" तर म्हणतात, "तुझ्या मांजराचा काय उपयोग होता?" मांजर जाऊन नऊ वर्षं झाली, पण बाबांच्या वादात ते अजून जिवंत आहे. ते जाऊ दे, मी काय सांगत होते... हां, वेळ. तर वेळ बघायची झाली की मी स्वयंपाकघरात जाते आणि मायक्रोवेव्हवरचे हिरवे आकडे बघते. घरात सदतीस घड्याळं, आणि वेळ विचारायची मायक्रोवेव्हला!

आमचं घर हाँगकाँगात, शाम शुई पोमध्ये, दहाव्या मजल्यावर. घर म्हणजे काय, हात पसरलेत तर एक हात स्वयंपाकघराला लागेल आणि दुसरा शेजाऱ्याला. एवढ्याशा जागेत सदतीस घड्याळांचं कपाट ठेवायचं कुठं? अर्थात माझ्या खोलीत! आणि ते साधं कपाट नाही, विजेवर चालणारं, आतली हवा कोरडी ठेवणारं. आमच्याकडे मार्च उजाडला की भिंतींना घाम फुटतो, आरशाला घाम फुटतो, बुटांना बुरशी येते, आणि दमट हवेनं घड्याळांच्या तबकड्यांवर डाग पडतात. माझ्यावर पडले तर चालतात! कॉलेजच्या परीक्षेला मी पलंगावर घामानं निथळत अर्थशास्त्र पाठ करतेय, आणि उशाशी काचेमागं मंद दिव्यात सदतीस म्हातारे गारेगार, कोरडे ठणठणीत बसलेत! एकदा वैतागून मी माझी उशीच त्या कपाटात ठेवली. बाबा रागावले नाहीत. बाबा रागावतच नाहीत, हीच तर पंचाईत आहे. हळूच उशी बाहेर काढली आणि म्हणाले, "तिच्यात तुझ्या केसांचा ओलावा असतो, बाळा." ओलावा!

आता तुम्ही म्हणाल, बाप मोठा शेठ असणार. कसला शेठ! बाबा लिफ्टचे मेकॅनिक. तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यांत उतरून हात काळे केलेले. पण त्यांच्या तरुणपणी बॅटरीची घड्याळं आली, सगळं हाँगकाँग त्यांच्यामागं लागलं, आणि लोकांनी चावीची घड्याळं अडगळीसारखी घराबाहेर काढली. आमच्या खालच्या फुटपाथवर, चादरीवर, नळाच्या तोट्या आणि मुके रेडिओ यांच्या मध्ये ओमेगा पडलेली असायची! सगळं शहर पुढं पळत होतं आणि आमचे बाबा खाली वाकून मागं राहिलेलं उचलत होते. आज तीच घड्याळं लिलावात जातात, लोक हात वर करकरून दमतात. बाबांना म्हटलं एखादं विका, तर माझ्याकडे असं बघतात, जसं काही मी आत्याला विकायला काढलंय.

यातलं एकच घड्याळ बाबा हातात घालायचे. सोन्याची ओमेगा, साठच्या दशकातली, तबकडी पालथ्या थाळीसारखी, मध्ये सपाट आणि कडेला उतरती. हे त्यांनी घेतलेलं पहिलं घड्याळ. रोज सात मिनिटं मागं पडायचं. आणि बाबांना एक सवय होती... काळजीत असले की त्यांचा अंगठा त्या घड्याळाच्या कडेवर फिरायचा, चारच्या आकड्याशेजारी, बरोबर तिथंच. माझी बोर्डाची परीक्षा, बाबा फाटकाबाहेर, अंगठा चालू. मी सातवीत असताना आई गेली, तेव्हा इस्पितळाच्या बाकावर सबंध दुपार... अंगठा चालू. मला वाटायचं, खाज येते. खरंच सांगते, मला इतकी वर्षं वाटायचं, यांना खाज येते.

तर माझं लग्न ठरलं. आता लग्न माझं, मुलगा मी शोधलेला, हॉलचे पैसे आम्ही दोघं भरणार, म्हणजे मोठ्यांनी यायचं, जेवायचं, फोटोत हसायचं, एवढंच की नाही? छे! आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, राहते आठव्या मजल्यावर, पण असते दहाव्या. आली ती चपला काढता काढताच बाबांवर सुरू झाली, "क्वोक-पुई! जावयाला घड्याळ द्यावं लागतं, माहीत आहे ना? मुलाकडून केक येणार, खोबरं येणार, चहा येणार, आणि आपल्याकडून परतीच्या टोपलीत पट्टा, पाकीट आणि घड्याळ! लोकांची पळापळ होते घड्याळासाठी. तुझ्याकडे सदतीस पडलीत. एक उचल आणि दे!"

उचल आणि दे! बाबांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. तरी "देऊ की" म्हणाले, आणि दोन महिने रोज संध्याकाळी कपाटासमोर बसू लागले. हे देऊ? नको, याची तबकडी हळवी आहे. हे? याचा मालक कप्तान होता, याला गप्प माणूस लागतो. हे बाहेरून बरं दिसतं, पण थंडीत कुरकुरतं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही घड्याळ निवडताय की माझ्यासाठी स्थळ बघताय?" तर म्हणाले, "स्थळ तू बघितलंस. मला विचारलं होतंस?" बघा! हे असं मऊ आवाजात बोलतात आणि आपलं रात्रीचं जेवण कडू करतात.

आणि पाक-लामनं पहिल्याच भेटीत माती खाल्ली होती ना! पाक-लाम म्हणजे माझा हा, तेव्हा होणारा. बिचारा नवा शर्ट, संत्र्यांची पिशवी, केस चापून आलेला. बाबांनी त्याचं तोंड नाही बघितलं, मनगट बघितलं. मनगटावर काळा चौकोन.

"हे काय आहे?"

"काका, हे माझी झोप मोजतं."

"झोप झाली की नाही, हे तुझं तुला कळत नाही?"

आणि तेवढ्यात तो चौकोन थरथरला आणि त्यानं पाक-लामला सांगितलं की बराच वेळ बसलायस, आता उठ. हा उठला! माझ्या बापासमोर, हातात चहाचा कप, मनगटानं हुकूम दिला म्हणून सरळ उभा राहिला! बाबा म्हणाले, "निघालास? बरं." मी तिथंच भिंतीवर डोकं आपटणार होते, पण भिंतीला घाम आला होता.

शेवटी लग्नाला सहा आठवडे उरले आणि आत्यानं निर्वाणीचं सांगितलं, "क्वोक-पुई, तुला घड्याळ द्यायचं नाहीये की पोरगी?" आणि त्या रविवारी, तुम्हाला सांगते, त्यांनी पाक-लामला घरी बोलावलं, आपल्या हातातली सोन्याची ओमेगा काढली आणि टेबलावर ठेवली. हातात नाही दिली हं, टेबलावर ठेवली. या घड्याळवाल्या लोकांत तसाच रिवाज आहे, एकानं ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं, म्हणजे पडलं तर कुणाच्या हातून पडलं यावर भांडण नको. म्हणाले, "महिनाभर घालून बघ. सवय होते का बघू." आणि मग नियम! रोज सकाळी एकाच वेळी चावी द्यायची. उलटी फिरवायची नाही. ताण जाणवला की थांबायचं. हात धुताना काढायचं. तिखट चटणीजवळ न्यायचं नाही. हुंगायचं नाही! कोण घड्याळ हुंगतं? पण तेही सांगितलं. सगळं सांगितलं... फक्त एक सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं असं नाही, ते सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नाही.

आता पाक-लाम काय काम करतो, ते ऐका. तो खोटे दात बनवतो. डॉक्टर नव्हे, डॉक्टरांसाठी मागच्या खोलीत बसून दात घडवणारा कारागीर. सोन्याचे दातही करतो. फिरत्या चाकावर धरून ते असे उजळवतो की आत आपलं तोंड दिसावं. हा माणूस दिवसभर एकच काम करतो... ओरखडे घालवतो! आणि याच्या हातात बाबांनी साठ वर्षांचं, जागोजाग खरचटलेलं, सोन्याचं घड्याळ दिलं.

कळलं ना, पुढं काय झालं?

तर पुढच्याच रविवारी सकाळी आम्ही चहाघरात डिमसम खायला गेलो. बाबांचा तो अड्डाच आहे, दर रविवारी ते आणि त्यांचे मित्र हाऊ काका कोपऱ्यातलं टेबल पकडतात, गरम चहानं वाट्या विसळतात, मग मध्ये पांढरा रुमाल पसरतात आणि खिशांतून घड्याळं काढून त्यावर ठेवतात. कोळंबीचे डंपलिंग थंड होतात, पण या दोघांची भिंगं काही डोळ्यांवरून हलत नाहीत. त्या दिवशी पाक-लामही आला. चेहऱ्यावर असा आनंद... लहान मुलानं चित्र काढून आणावं ना, तसा. म्हणाला, "काका, तुमच्यासाठी एक गंमत आहे," आणि खिशातून मखमली डबी काढून घड्याळ रुमालावर ठेवलं.

लखलख! अहो, डोळे दिपले! त्या घड्याळात मला छताचा पंखा दिसला, खाण्याची गाडी ढकलणारी बाई दिसली, बांबूच्या करंड्यांची वाफ दिसली. एक ओरखडा नाही. एक डाग नाही. नवाकोरा सोन्याचा दात!

हाऊ काकांच्या चॉपस्टिकमधून डंपलिंग वाटीत पडलं. म्हणाले, "हे... कुणी केलं?"

"मी!" पाक-लाम म्हणाला. "तीन दिवस, जेवणाच्या सुट्टीत. लग्नाची वस्तू आहे ना काका, मळकी कशी चालेल? चारच्या बाजूला तर दोन मोठे खड्डे होते, ते काढायलाच एक दिवस गेला. आता बघा, हात लावून बघा!"

"अरे, याच्या कडा?" हाऊ काका घड्याळावर वाकले. "याच्या कडा धारदार होत्या रे... साठ वर्षं कुणी चाक लावलं नव्हतं याला... पुई, बोल ना काहीतरी!"

तुम्हाला सांगते, जुन्या घड्याळांच्या माणसांत पॉलिश म्हणजे खून. ओरखडे असलेलं चालतं, डाग पडलेलं चालतं, पण घासलेलं? घासलेल्या घड्याळाबद्दल ते असं हळू आवाजात बोलतात, जसं एखाद्या घरातल्या फरार मुलाबद्दल बोलावं. आणि हे मला माहीत होतं! सत्तावीस वर्षं त्या कपाटाशेजारी झोपले मी, मला माहीत होतं, आणि मी पाक-लामला सांगितलं नाही, कारण मी बाबांच्या कुठल्याच गोष्टी कुणाला सांगत नाही, मला लाज वाटते.

बाबांनी घड्याळ उचललं. अंगठा गेला, चारच्या आकड्याशेजारी, सवयीनं. आणि घसरला. पुन्हा नेला. पुन्हा घसरला. मग त्यांनी घड्याळ खाली ठेवलं, किटली उचलली, पाक-लामच्या कपात चहा ओतला आणि म्हणाले, "छान झालंय. मेहनत घेतलीस." आणि हा वेडा खुशीत टेबलावर दोन बोटं टकटकवून चहाचे आभार मानतोय!

ओरडले असते तर बरं झालं असतं हो!

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती शांततेनं. माझ्या खोलीत सकाळी कायम टिकटिक असते, पाच-सहा घड्याळांची, एकमेकांशी न जुळणारी, पावसाच्या थेंबांसारखी, आणि मी आयुष्यभर तिला शिव्या घातल्यात. त्या दिवशी काही नाही. बाबांनी चावी दिली नव्हती. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. सगळं कपाट मुकं. गुरुवारी माझा संयम सुटला. माझ्यात तो मुळात थोडाच आहे. मी स्वयंपाकघरात गेले, बाबा तांदूळ धूत होते, मी म्हटलं, "बाबा, पुरे आता! एक चूक झाली त्याच्या हातून, प्रेमानं केली त्यानं! धातू आहे तो, धातू! तुम्हाला लेकीच्या लग्नापेक्षा घड्याळाच्या कडा जास्त आहेत का? त्याची किंमत उतरली म्हणून तुम्ही चार दिवस बोलत नाही?"

बाबांनी तांदळातलं पाणी ओतलं. म्हणाले, "हो. धातू आहे." आणि कुकर लावला.

हे बघा, माझ्याशी कुणी भांडलं ना, तर मी जिंकते. पण हे असं तांदूळ धुणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

मी तरातरा आठव्या मजल्यावर गेले. आत्याकडे माजाँगचा डाव रंगलेला, चार बायका, सोंगट्यांचा कडकडाट. मी दारातूनच सुरू झाले की तुझा भाऊ असा आणि तुझा भाऊ तसा, माणसांपेक्षा वस्तू प्यारी. आत्यानं मान वर केली नाही. एक सोंगटी टाकली आणि म्हणाली, "कुठले खड्डे घालवले त्यानं?"

"चारच्या आकड्याजवळचे. का?"

तिचा हात थांबला. "अगं देवा," ती म्हणाली. "शेंगदाणे."

"काय शेंगदाणे?"

"ते खड्डे तू पाडलेस गं, कार्टे! दोन वर्षांची होतीस. तुझा बाप अंघोळीला गेला, घड्याळ काढून स्टुलावर ठेवून. तू ते घेतलंस, फरशीवर फतकल मारून बसलीस, आणि त्या सोन्याच्या घड्याळानं शेंगदाणे फोडलेस! दोन फोडलेस. मी आणि तुझी आई दारात उभ्या. मी किंचाळले. आणि तुझी आई हसतेय! तुझा बाप टॉवेल गुंडाळून धावत आला, आणि तुझी आई त्याला म्हणाली, 'ओरडू नकोस, निदान काहीतरी उपयोग झाला त्याचा.' आणि दोघं फरशीवर बसले आणि ते दोन शेंगदाणे तिघांनी मिळून खाल्ले." आत्यानं पुढची सोंगटी उचलली, बघितली, खाली ठेवली. "पुष्कळ लोकांनी त्याला सांगितलं, हे खड्डे काढून घे. नाही काढले. म्हणाला, राहू दे, माझ्या बोटाला सापडतात... अगं, उभी काय? बस. रडायचं असेल तर सोंगट्या भिजवू नकोस, हस्तिदंती आहेत."

हस्तिदंती बिस्तिदंती काही नाहीत, प्लास्टिकच्या आहेत. पण मी बसले.

कळलं ना तुम्हाला? इस्पितळाच्या बाकावर, सबंध दुपार. आणि मला वाटायचं, खाज येते.

मी पाक-लामला फोन केला, आणि जे झालं ते सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "यिंग, फोटो आहे का?"

"कशाचा?"

"खड्ड्यांचा. बाबांनी घड्याळाचे जवळून फोटो काढलेच असतील. मी मेणाचा साचा करतो. मापात. खोली, उतार, सगळं. लोकांचे तुटलेले दात मी फोटोवरून हुबेहूब करतो, दोन खड्डे म्हणजे काय! मी परत पाडून देतो."

"अरे मूर्खा, खोटे खड्डे?"

"खोटे नाहीत, हुबेहूब!"

फोटो पाठवले मी, आणि हा खरंच आला हो! शनिवारी दुपारी, हातात डबी, डबीत पाच मेणाचे नमुने, प्रत्येकावर चिठ्ठी. बाबांसमोर मान खाली घालून उभा. मनगट रिकामं, तो काळा चौकोन काढून टाकलेला. म्हणाला, "काका, मला माहीत नव्हतं. यातला कुठला जुळतो, बोट लावून सांगा. मी सोन्यात उतरवतो."

बाबांनी चष्मा लावला. पहिल्या मेणावर अंगठा ठेवला. दुसऱ्यावर ठेवला. डोळे मिटून, अगदी लक्ष देऊन, पाचही नमुने तपासले. मला वाटलं, आता हे रडणार. आणि बाबा हसायला लागले! मी बाबांना असं हसताना कधी बघितलं होतं, मला आठवत नाही. खांदे गदगदा हलताहेत, चष्मा काढून डोळे पुसताहेत. "तिसरा!" म्हणाले. "तिसरा अगदी तोच आहे! काय हात आहे रे तुझा! अरे, शेंगदाण्याचा खड्डा तू दाढेसारखा घडवलास!"

मग कपाटाकडे गेले, ओमेगा काढली, टेबलावर ठेवली. पाक-लामकडे सरकवली.

"हे तुझं. खड्डेबिड्डे पाडू नकोस काही. माझं घड्याळ भरलं होतं. तुझं कोरं आहे. कोरंच घेऊन जा." आणि मग, "तो तिसरा मेणाचा तेवढा माझ्याकडे राहू दे."

तो मेणाचा तुकडा आता कोरड्या कपाटात आहे. रिकाम्या जागेवर. मंद दिव्यात. माझ्या उशीला जागा नव्हती, मेणाला आहे!

लग्नाची सकाळ. आमच्याकडे नवरा-नवरीनं गुडघे टेकून थोरांना चहा द्यायचा असतो. बाबा खुर्चीत, नवा सूट, गळ्याला टाय बोचतोय. शेजारी आईच्या खुर्चीत आत्या बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली. माझ्या दोन्ही हातांत आत्यानं घातलेल्या ड्रॅगनच्या सोन्याच्या बांगड्या, एकेका हाताला चार-चार, हात वर उचलायला माणूस ठेवावा लागेल इतक्या जड! पाक-लामच्या हातात ओमेगा, लखलखती. दोघांनी मिळून कप धरला. आणि मी बाबांकडे बघितलं. काय करायचं काय होतं बघून? एक मिनिट खाली बघत राहिले असते तर? पण बघितलं... आणि त्यांचा अंगठा, बरं का, रिकाम्या मनगटावर फिरत होता. घड्याळ नाही, तरी फिरत होता.

माझे हातच गळाले. बांगड्या खाली, कप तिरका, गरम चहा पाक-लामच्या बोटांवर, त्यानं हात झटकला आणि घड्याळ शेजारच्या संगमरवरी टेबलाच्या कडेवर, ठण्!

हाऊ काका मागून "हाय हाय" म्हणाले. पाक-लाम पांढराफटक, त्याचा हात भाजला होता तेही त्याला कळलं नाही. आणि बाबांनी काय करावं? नव्या सुटाच्या आतल्या खिशातून भिंग काढलं! मुलीच्या लग्नात हा माणूस भिंग घेऊन आला होता! डोळ्याला लावलं, जावयाचा हात ओढून जवळ घेतला, दीडशे माणसं श्वास रोखून उभी, फोटोवाला थांबलेला, मी गुडघ्यांवर, आणि बाबा शांतपणे तपासताहेत. इकडून. तिकडून. मग अंगठा लावला. एकदा फिरवला. पुन्हा फिरवला.

"पडलाय," म्हणाले. "खोल पडलाय. चांगला पडलाय." भिंग काढलं, माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले. "पण चारला नाही, यिंग. पाचला. एका तासानं पुढं सरकलीस तू."

आणि आत्या! त्या क्षणी! "चहा दे गं आता, गार झाला!"

तर असं झालं लग्न. आता आम्ही राहतो समुद्रापलीकडे, भुयारी रेल्वेनं पाऊण तास. सामान नेताना बाबा खाली आले, काखोटीला काहीतरी मोठं, लग्नाच्या लाल रजईत गुंडाळलेलं. उघडून बघते तर मायक्रोवेव्ह!

"बाबा, हा कशाला? आम्ही नवा घेऊ."

"नवा कशाला? हा चालतो."

"आणि तुम्हाला वेळ कशी कळणार?"

तर अगदी ताठ मानेनं म्हणाले, "माझ्याकडे छत्तीस घड्याळं आहेत!"

तुम्हाला सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. मी एका पायात बूट, तोंडात पाव, पाक-लाम खिडकीशी उभा राहून ओमेगाला चावी देतोय, सात मिनिटं मागं पडलेल्या ओमेगाला, कारण आता यालाही वाटतं की काटे जुळवले की दाते झिजतात. मी फोन उचलला. मागून टिकटिक ऐकू येतेय. पाच-सहा घड्याळं, एकमेकांशी न जुळणारी.

"यिंग, किती वाजले गं?"

तेव्हापासून रोज. रविवार नाही, सण नाही, रोज! ज्या मोबाईलवरून फोन करतात ना, त्याच्यावर वेळ असते हो, आत्यानं मुद्दाम त्यांच्यासाठी लाडवाएवढे आकडे लावून दिलेत! एकदा मी म्हणणार होते... अगदी ओठांवर आलं होतं, की बाबा, फोन कानापासून जरा लांब धरा आणि बघा.

पण म्हटलं नाही. मुकाट स्वयंपाकघरात जाते. हिरवे आकडे बघते.

"आठ वाजून बारा, बाबा."

"अगंबाई! मग तुला उशीर होत असेल."

"होतोय ना."

"बरं, ठेव मग," म्हणतात. आणि ठेवत नाहीत.